खेकड्यासमोर धरलेली ढाल

एका जंगलात प्रत्येकाच्या डोक्यावर दोन पट्ट्या तरंगत असत. एक लाल आणि एक हिरवी. लाल पट्टी जिवाची. ती संपली की प्राणी संपला. हिरवी पट्टी दमाची. ती संपली म्हणून कोणी मरत नसे, पण तो प्राणी मारायला फार सोयीचा होत असे.

बाळांनो, असे डोळे मोठे करू नका. आईने जेवायला हाक मारली तरी मान वर न काढता तुम्ही मोबाइलवर तो लढाईचा खेळ खेळता ना, त्यातलंच हे एक जंगल समजा. तुमच्या खेळातले सगळे नियम इथेही होते. फक्त मेल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची सोय तेवढी नव्हती.

पट्ट्यांच्या वर एक आकडा असे. तो ढालीचा आकडा. तुम्ही ढाल धरली, तिच्यावर कोणी वार केला आणि तो तुम्ही अडवला, की 'टिंग' असा आवाज होऊन आकडा थोडा पुढे सरके. वार जोराचा असेल तर जास्त सरके, हलका असेल तर कमी. आकडा वाढला की तीच ढाल आधीपेक्षा जास्त मार पेलू शके. यात वावगं काहीच नव्हतं. वार अडवत राहिलं की अंगात कसब मुरतं, एवढंच त्या आकड्याला सांगायचं होतं.

पण आकड्याचं म्हणणं ऐकायला वेळ कोणाला असतो? तो दिसतो, एवढं आपल्याला पुरतं.

आता गंमत अशी की आकडा आपल्याच डोक्यावर असल्यामुळे आपल्याला दिसत नसे. तो दुसऱ्याला विचारावा लागे. म्हणून त्या जंगलात दोन प्राणी भेटले की "काय, बरं आहे ना?" असं कोणी म्हणत नसे. "किती दिसतोय?" असंच विचारत. मग समोरचा मान वर करून आकडा सांगे आणि लगेच म्हणे, "आता माझा सांगा." एवढं झालं की दोघं आपापल्या वाटेने जात.

जंगलाच्या मधोमध एक हिरवंगार कुरण होतं. भोवती डोंगर. डोंगरात एकच खिंड, आणि बाहेरून आत यायला तेवढीच वाट. खिंडीपलीकडे तरस राहत असे. तो अधूनमधून खिंडीतून आत येई, एखादं पिल्लू उचले आणि परत जाई.

मग जंगलाने ठरवलं की राहायच्या जागा आकड्याप्रमाणे वाटायच्या. ज्याचा आकडा मोठा त्याला अगदी आतलं कुरण. मधले आकडे मध्ये. ज्याचा आकडा सर्वांत लहान, तो खिंडीच्या तोंडाशी.

काय म्हणालात? ज्यांना वार अडवता येतो त्यांना खिंडीशी ठेवायला हवं होतं? बसा खाली. तुम्ही लहान आहात. मोठ्यांच्या बैठकीत असले प्रश्न विचारायचे नसतात, आणि त्या बैठकीत कोणी विचारलेही नाहीत.

खिंडीच्या तोंडाशी सुगंधा नावाची हरिणी राहत होती. तिचा आकडा होता एक. एवढा लहान आकडा दुसऱ्या कोणत्याही मोठ्या जनावराचा नव्हता. तिच्याजवळ तिचं पाडस होतं. त्याचं नाव ठिपक्या. त्याचा आकडाही एकच होता, पण तो लहान असल्यामुळे त्याला कोणी हसत नसे.

शेजारी एक भेकर राहायचं. गेल्या हिवाळ्यात त्याचं एक पिल्लू तरसाने नेलं. सुगंधाने ते पाहिलं होतं. तेव्हापासून तिच्या घशाखाली गवत धड उतरत नव्हतं. ठिपक्या झोपला तरी ती उभीच असे, खिंडीकडे कान लावून. तिला मानपान नको होता, कुरणातलं मऊ गवतही नको होतं. तिला फक्त ठिपक्याला आत न्यायचं होतं. आणि त्यासाठी आकडा हवा होता.

म्हणून एक दिवस ती कोल्हे गुरुजींच्या वर्गाला गेली.

कोल्हे गुरुजींचा ढालवर्ग ओढ्याच्या काठी भरत असे. गुरुजी स्वतः कधी ढाल धरत नसत. ते म्हणत, "मी शिकवतो. शिकवणाऱ्याने धरायची नसते." त्यांच्या वर्गात एक खेकडा होता. विद्यार्थ्यांनी रांगेने ढाली धरून बसायचं आणि खेकड्याने एकेका ढालीवर नांगी मारत जायचं. टक, टिंग. टक, टिंग. नांगीला जोर तो कितीसा असणार? पण वार तो वार. आकडा तसूभर का होईना, सरके.

पूर्वी प्राणी आकडा वाढवायला लढाईत जात. त्यात काही मरत. गुरुजींच्या पद्धतीत कोणी मरत नसे, त्यामुळे ही पद्धत जंगलात फारच लोकप्रिय झाली. आया आपल्या पिल्लांना दूध तुटायच्या आत वर्गात घालत. काही जण तर ढाल टेकवून तिच्यामागे झोप काढत, आणि उठले की शेजाऱ्याला विचारत, "किती दिसतोय?"

वर्गाचा सर्वांत हुशार विद्यार्थी होता रावबा ससा. तो पहाटे येऊन खेकड्यासमोर बसे तो सूर्य बुडेपर्यंत. त्याचा आकडा नव्वदीच्या पुढे गेला होता. जंगलाने त्याला 'ढालमार्तंड' अशी पदवी दिली होती. पदवीबरोबर सागाची एक भलीमोठी ढाल दिली होती, लोखंडी कडेची. ती त्याला उचलत नसे. दोन रानडुकरं ती त्याच्यापुढे धरून चालत. पण रावबा ससा बसून असे, त्यामुळे काही अडत नव्हतं.

सुगंधा रांगेत बसली. पुढच्या पायात तिने ढाल अडकवली. खेकडा तिरका तिरका चालत तिच्यासमोर आला. त्याने नांगी उगारली.

आणि सुगंधा टुणकन बाजूला झाली.

"बाई, हलायचं नाही," कोल्हे गुरुजी म्हणाले.

"हो गुरुजी. चुकलं."

खेकड्याने पुन्हा नांगी उगारली. सुगंधाने डोळे मिटले, दात आवळले, मनात दहादा म्हटलं की हलायचं नाही. नांगी खाली आली तेव्हा ती दोन हात पलीकडे उभी होती.

वर्ग खो खो हसला.

"अहो, काय करता हे?" गुरुजी कपाळाला हात लावून म्हणाले. "वार आला की त्याच्या समोर राहायचं. ढालीवर घ्यायचा. तो चुकवला तर आकडा कसा वाढणार?"

"मी नाही हो चुकवत. पायच उडतात."

"पायांना सांगा."

"किती सांगितलं. ते माझ्या आधीच उडून मोकळे होतात, गुरुजी. नांगी दिसली की झालं."

गुरुजींनी तिला मागच्या रांगेत बसवलं. तिथे लेखी भाग शिकवत. ढालीचे नियम गुरुजी सुंदर समजावून सांगत, त्यात मात्र खोट काढता येणार नाही. ढाल फक्त समोरचा वार अडवते, बाजूचा आणि पाठीचा नाही. ढाल उचलून धरली की हिरवी पट्टी घटत जाते, आणि ढाल खाली ठेवेपर्यंत भरत नाही. हिरवी पट्टी संपली की ढाल आपोआप खाली पडते. ढाल धरलेल्याला उलटा वार करता येत नाही. आणि शेवटचं, सर्वांत अवघड. वार पडायच्या नेमक्या क्षणी ढाल पुढे ढकलली, तर वार करणाराच भेलकांडतो.

"तो नेमका क्षण ओळखायचा कसा?" सुगंधाने विचारलं.

"सरावाने," गुरुजी म्हणाले. "रावबा, दाखवा पाहू."

रावबाने वर्गातली हलकी ढाल घेऊन दाखवलं. खेकड्याने नांगी उगारली, रावबाने ढाल ढकलली, खेकडा उताणा पडला. खेकड्याने पुन्हा उगारली, रावबाने पुन्हा ढकलली. प्रत्येक वेळी खेकडा पालथ्याचा उताणा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुगंधानेही वाजवल्या. तिला मनापासून वाटलं की हा ससा जर आपल्या दारात उभा राहिला, तर आपल्या ठिपक्याला कसली भीती?

ती तशीच उठून आप्पा गव्याकडे गेली. आप्पा गवा जंगलाचा अध्यक्ष होता. त्याचं वजन एवढं होतं की तो बोलला नाही तरी त्याचंच मत विचारात घेत.

"आप्पासाहेब," ती म्हणाली, "माझा आकडा काही वाढत नाही. माझ्याकडून ते होणारच नाही. पण तरस परत येईल. माझं एवढंसं पोर आहे. रावबांना चार दिवस खिंडीत राहायला सांगाल का?"

आप्पा गवा रवंथ करत राहिला. मग म्हणाला, "रावबांना? अहो, ते आतल्या कुरणात राहतात."

"तेच म्हणते मी. आत तरस येत नाही."

"येत नाही ना? मग झालं तर. त्यांच्या आकड्याचा वचकच तसा आहे."

"आत यायच्या आधीच त्याला माझ्या दारात पिल्लू मिळतं हो! म्हणून येत नाही." सुगंधाचा आवाज चढला. मग तिलाच भीती वाटली आणि ती गुडघ्यांवर बसली. "पाया पडते तुमच्या. एकदाच पाठवा."

रावबा ससा तिथेच बसला होता. खरं सांगायचं तर त्याला खिंडीत जायची काडीचीही इच्छा नव्हती. पण चार प्राणी त्याच्या डोक्यावरच्या आकड्याकडे बघत होते. इतका मोठा आकडा डोक्यावर असताना माणसाला नाही म्हणता येत नाही. सशालाही नाही.

"जाऊ की," तो म्हणाला. "एक तरस तो काय!"

झालं. जंगलभर डंका पिटला गेला. रावबाच्या गळ्यात रानजाईच्या माळा घातल्या. पुढे ढाल घेतलेली दोन रानडुकरं, मागे रावबा, त्याच्या मागे कोल्हे गुरुजी आणि वर्ग, आणि शेवटी बघायला आलेलं सगळं जंगल. खिंडीच्या तोंडाशी रानडुकरांनी ढाल रोवली. रावबा तिच्यामागे बसला. बाकीचे टेकडीवर जागा धरून बसले. सुगंधा ठिपक्याला घेऊन कपारीत उभी राहिली. किती दिवसांनी तिने पोटभर श्वास घेतला.

तिसऱ्या प्रहरी तरस आला.

तो खिंडीतून चालत आला आणि ढालीसमोर थांबला. टेकडीवर एवढी गर्दी पाहून तो जरा चक्रावला. त्याला वाटलं, आपण चुकून कोणाच्या लग्नात आलो.

"रावबा, ढाल उचला!" गुरुजी ओरडले.

रावबाने सगळं बळ लावून ढाल दोन बोटं वर उचलली. त्याच्या डोक्यावरची हिरवी पट्टी उतरायला लागली.

तरसाने पंजा उगारला. रावबाने मनात मोजलं. खेकड्याची नांगी जितक्या वेळात खाली येते, तितका वेळ झाला. त्याने ढाल जोरात पुढे ढकलली.

पण तरस काही खेकडा नव्हता. त्याने पंजा वरच ठेवला होता.

ढाल हवेत गेली आणि परत आली. रावबाची पट्टी आणखी उतरली. तरसाने मान तिरकी करून सशाकडे पाहिलं. हा काय करतोय, हे त्याला खरोखर कळेना. त्याने पंजा खाली घेतला, पुन्हा उगारला. रावबाने पुन्हा ढाल ढकलली. पुन्हा काहीच आलं नाही.

"गुरुजी, हा वेळेवर मारत नाहीये!" रावबा केविलवाणा ओरडला.

"तो नियम मोडतोय! तुम्ही आपलं चालू ठेवा!" गुरुजी टेकडीवरून म्हणाले.

मग तरस खाली बसला. नुसता बसला आणि बघत राहिला. त्याला लेखी भाग कोणी शिकवला नव्हता, पण उचललेली जड वस्तू कधीतरी खाली येते एवढं त्याला माहीत होतं. रावबाची हिरवी पट्टी बोटभर राहिली, मग काडीभर राहिली. मग ढाल थरथरायला लागली. तेव्हा तरस उठला आणि त्याने ढालीवर एक सणसणीत थप्पड मारली.

ढालीसकट ससा करवंदाच्या जाळीत जाऊन पडला. त्याची लाल पट्टी नखाएवढी उरली.

आणि 'टिंग, टिंग, टिंग, टिंग' असा आवाज खिंडीत घुमला. थांबेचना! जाळीतून फक्त रावबाचे कान दिसत होते, आणि त्यांच्यावरचा आकडा भराभर पळत होता. पळत पळत तो शंभरावर जाऊन उभा राहिला.

टेकडी उभी राहिली. असा आकडा जंगलात कोणी पाहिला नव्हता. कोणी शिट्ट्या मारल्या, कोणी एकमेकांना मिठ्या मारल्या. आप्पा गव्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "शंभर! अहो, शंभर!" एवढंच त्याला बोलता येत होतं.

तरस मात्र कपारीकडे वळला होता. ते फक्त एकीने पाहिलं.

सुगंधाने टेकडीकडे बघून एकच हाक मारली. "अहो, कोणी तरी या!" कोणी वळलं नाही. सगळ्यांच्या माना जाळीकडे होत्या.

मग ती कपारीच्या तोंडाशी आली. तिच्याजवळ ढाल नव्हती. तरसाने पंजा मारला. तिचे पाय उडाले आणि पंजा दगडावर आपटला. त्याने दुसरा मारला. पुन्हा पाय उडाले. ती डावीकडे, ती उजवीकडे, पण कपारीपासून हात दोन हातांच्या पलीकडे गेली नाही. तरस चिडला. चिडला तसा जोरात मारू लागला. जितका जोरात मारी, तितका जोरात हवेला लागे.

भीतीने तिची नजर त्याच्या तोंडावरून हलत नव्हती. तशीच ती जरा वर गेली, आणि तिला दिसलं की तरसाच्याही डोक्यावर हिरवी पट्टी आहे. अर्थात होतीच. सगळ्यांच्याच होती. पण तरसाच्या डोक्याकडे बघायला आजवर कोणी थांबलं नव्हतं, आणि आपापसात बघायचे ते नुसता आकडा बघायचे. ती पट्टी उतरत होती. मारणाऱ्यालाही दम लागतो. सुगंधाची पट्टी मात्र दोन उड्यांच्या मध्ये थोडी थोडी भरत होती, कारण ती काही उचलून उभी नव्हती.

तरसाची पट्टी संपली. तो चारी पाय फाकवून उभा राहिला, जीभ बाहेर, पंजा उचलेना.

सुगंधा वळली आणि मागच्या दोन्ही खुरांनी तिने त्याच्या जबड्यावर लाथ घातली. त्या लाथेत मागच्या हिवाळ्यापासूनची सगळी जागरणं होती. तरसाची लाल पट्टी निम्मी झाली. तो कोलमडला, कसाबसा उठला आणि लंगडत खिंडीपार निघून गेला.

सुगंधा कपारीत शिरली. ठिपक्या कोपऱ्यात थरथरत बसला होता. तिने त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटलं, पुन्हा शेपटीपासून डोक्यापर्यंत चाटलं, आणि मग ती रडली.

दुसऱ्या दिवशी कुरणात सभा भरली. रावबा ससा डोक्याला पाला बांधून व्यासपीठावर बसला होता. त्याच्यावर बरीच भाषणं झाली. मग कोणी तरी म्हणालं की तरस शेवटी गेला कसा, ते एकदा बघायला हवं. सुगंधाला उभं केलं.

"तरसाने तुमच्यावर वार केले?" आप्पा गव्याने विचारलं.

"पुष्कळ केले."

"त्यांतले ढालीवर किती घेतले?"

"ढालच नव्हती, आप्पासाहेब."

"मग अंगावर किती घेतले?"

"एकही नाही."

सभेत कुजबूज झाली. आप्पा गव्याने तिच्या डोक्यावर पाहिलं. आकडा एकच होता.

"मग तुम्ही केलं काय?" तो गोंधळून म्हणाला. "गुरुजी, तुम्हीच सांगा बुवा."

कोल्हे गुरुजी उठले. "सभासदहो, बाईंबद्दल मला सहानुभूती आहे. पण जो वार लागलाच नाही, तो अडवला असं म्हणता येईल का? आणि जो अडवला नाही, तो झाला कशावरून? आमच्या रावबांनी वार घेतला. त्याचा पुरावा सर्वांना दिसतो आहे. तरस पळाला तो त्या शंभराला घाबरून. फक्त त्याच्या ते जरा उशिरा लक्षात आलं."

टाळ्या पडल्या. सुगंधा खाली बसली. तिला वाद घालायचा नव्हता. तिचं पोर तिच्या कुशीत होतं.

पण गुरुजी बसले नाहीत. ते विचारात पडले होते. खेकड्याच्या इतक्या नांग्या खाऊन रावबाला जे मिळालं नव्हतं, ते तरसाच्या एका थपडेत मिळालं होतं. मग आपण खेकड्यापाशी वेळ का घालवतो आहोत?

त्याच संध्याकाळी त्यांनी खेकड्याला नारळ दिला आणि ते खिंड ओलांडून तरसाकडे गेले. तरस गुहेत जबडा शेकत पडला होता.

"तुम्ही आमच्या वर्गावर शिकवायला यावं, अशी जंगलाची इच्छा आहे," गुरुजी हात जोडून म्हणाले.

"मी? मी काय शिकवणार?"

"काही नाही. विद्यार्थी ढाल धरून बसतील. आपण मारायचं."

तरसाने कान टवकारले. "हळू?"

"छे, छे! हळू मारायला खेकडा होता की. जोरात मारा. जितकं जोरात, तितकी मुलांची प्रगती. फक्त समोरून मारा, एवढं पथ्य पाळा."

"आणि एखादा मेला तर?"

"त्याची तयारी कमी होती, असं आम्ही सांगू."

तरस बराच वेळ गुरुजींच्या तोंडाकडे बघत राहिला. आपली थट्टा तर चालली नाही ना, हे तो पडताळत होता. मग त्याने विचारलं, "राहायचं कुठे?"

"अर्थात आतल्या कुरणात," गुरुजी म्हणाले. "आपल्या योग्यतेला खिंड शोभत नाही."

अशा रीतीने तरस जंगलात राहायला आला. त्याच्या गळ्यातही रानजाईच्या माळा पडल्या. नावं नोंदवायला झुंबड उडाली. आणि जंगल कृतघ्न नव्हतं बरं का, बाळांनो. गुरुजी स्वतः चालत सुगंधाच्या दारी आले.

"बाई, त्या दिवशी तुम्हीही बरीच धावपळ केलीत," ते म्हणाले. "जंगलाने त्याची दखल घेतली आहे. तुमच्या ठिपक्याला तरससाहेबांच्या वर्गात पहिल्या रांगेत जागा दिली आहे. तीही फुकट."

सुगंधा त्यांच्याकडे बघतच राहिली.

ठिपक्या मात्र आनंदाने उड्या मारायला लागला. "आई, मी जाणार! सगळे चाललेत. सांबराचा पोरगा चाललाय, भेकराची पोरं चाललीत. मी जाऊ ना, आई?"

"नाही."

"का पण? पहिल्या रांगेत जागा आहे!"

"म्हणूनच नाही."

"सगळ्यांचे आकडे वाढतील," ठिपक्या रडायला लागला. "माझा एकच राहील."

"एक राहू दे," सुगंधा म्हणाली. "तू राहा."

गुरुजींनी मान हलवली. पोराच्या प्रगतीच्या आड येणाऱ्या आया त्यांनी खूप पाहिल्या होत्या. त्यांनी ती जागा दुसऱ्या कोणाला तरी दिली आणि ती व्यक्ती फार आभारी झाली.

सुगंधाने वाट पाहिली नाही. ठिपक्या हुंदके देत होता, हिसके देत होता. तिने त्याला पुढे घातलं आणि ती खिंडीतून बाहेर पडली. तरस आता आत असल्यामुळे खिंडीपलीकडचं रान मोकळं होतं. तिला कोणी अडवलं नाही. कोणी निरोपही दिला नाही. सगळे वर्गाला गेले होते.

तरस पहिले काही दिवस पथ्याने वागला. मग एकदा त्याच्या मनात सहज आलं की ढालीच्या मागच्या बाजूला काय असतं, ते बघून यावं. तो चालत मागे गेला. तिथे रावबा ससा बसला होता.

त्या जागी आता रावबाचं स्मारक आहे. तिथे त्याची सागाची ढाल ठेवली आहे. कोल्हे गुरुजी नव्या विद्यार्थ्यांना ती दाखवतात आणि भरल्या गळ्याने सांगतात की शेवटपर्यंत या ढालीवरून एकही वार आत गेला नाही.

जंगलाची भरभराट चालू आहे. लहान आकड्यांचे बरेच प्राणी आता दिसत नाहीत, त्यामुळे उरलेल्यांची सरासरी कधी नव्हे इतकी वर गेली आहे. आप्पा गवा दर सभेत ती वाचून दाखवतो. ऐकायला सभेत पूर्वीइतकी गर्दी नसते, पण जे असतात ते फार मोठ्या आकड्यांचे असतात.

तात्पर्य: बाळांनो, वार कधी चुकवू नये. चुकवलेला वार कोणाला दिसत नाही आणि त्याला गुणही मिळत नाहीत. मार खावा, पण समोरून खावा, ढालीवर खावा, आणि आकडा बघायला चार जण हजर असतील तेव्हाच खावा. जिवंत राहायचीच फार हौस असेल, तर तेवढं गुपचूप करावं, आणि शक्यतो गाव सोडून करावं.